चित्ररथावरचा मावळा चालतो, मग तांजिरो का नाही?

"नोकरीला लागलेली पोरगी आणि कार्टूनचे कपडे घालून बंगळूरला निघाली." हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता राग येत नाही. पण परवा ते आमच्या गल्लीतल्या एका काकांनी ऐकवलं, आणि हे काका दर वैशाखात दाढी चिकटवून, भरजरी अंगरखा घालून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे असतात. म्हणून ही पोस्ट. (ती पोरगी मीच. कार्टूनचे कपडे म्हणजे 'डेमन स्लेयर' या जपानी मालिकेचा नायक तांजिरो याचा वेश, आणि निघाले होते कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक-कार्टूनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला.) मोठी आहे, आधीच सांगते.

बाहेरगावच्यांसाठी थोडं. बेळगावात शिवजयंती म्हणजे नुसती १९ फेब्रुवारी नव्हे. आमची मोठी शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि तिची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, कधी कधी दुसरा दिवस उजाडेपर्यंत. प्रत्येक मंडळाचा सजीव देखावा. अफजलखानाचा वध, शाहिस्तेखानाची बोटं, आग्र्याचे पेटारे, आणि सगळी पात्रं गल्लीतलीच. दिवसा उद्यमबागेत फौंड्रीत काम करणारा पोरगा रात्री तानाजी होतो. महिनाभर तालमी. पुठ्ठ्याची चिलखतं, त्यांवर चंदेरी रंग, मिशा चिकटवायला स्पिरिट गम, शिंप्याकडं चकरा. वर्गणी कमी पडली की पदरचे पैसे.

आता कॉनमध्ये काय चालतं ते ऐका. भारतात कॉमिक कॉन २०११ साली दिल्लीत सुरू झालं, बंगळूरला २०१२ मध्ये आलं. ॲनिमे (जपानी कार्टून मालिका आणि सिनेमे), गेम, कॉमिक यांचे चाहते एका मोठ्या हॉलमध्ये जमतात आणि बरेच जण आपल्या आवडत्या पात्राच्या वेशात येतात. त्यालाच कॉस्प्ले म्हणतात. महिनाभर आधीपासून तयारी, घरातल्या मशीनवर शिवण, फोमचं चिलखत, विगला जेल, पदरचे पैसे. दारावर शस्त्रं तपासतात, धातूचं पातं आत चालत नाही. कारागिरीच्या स्पर्धेत परीक्षक शिवण उलटून बघतात आणि हे कशाचं केलं, कसं जोडलं ते विचारतात. मला सांगा, या दोन्हींत वेडेपणाचा वाटा कुठं कमी-जास्त आहे?

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर खाली भांडण सुरू होईल. महाराजांच्या मिरवणुकीत श्रद्धा आहे, कॉनमध्ये हौस आहे. मी तांजिरोला महाराजांच्या शेजारी बसवत नाहीये. मी राबणाऱ्या हातांबद्दल बोलतेय, आणि ते हात एकच आहेत.

माझंच सांगते. डेमन स्लेयरमधल्या तांजिरोचा हाओरी, म्हणजे वरून घालायचा सैल अंगरखा, हिरव्या-काळ्या चौकड्यांचा असतो. ऑनलाइन तयार मिळतो, पॉलिएस्टरवर छापलेला, घामानं अंगाला चिकटणारा. मला तो नको होता. खडेबाजारातून हिरवं आणि काळं पॉपलिन आणलं. आधी लांब पट्ट्या एकाआड एक जोडायच्या, मग त्या आडव्या कापायच्या, दर दुसरी पट्टी उलटी फिरवायची आणि परत जोडायची, की चौकडा तयार. आई ब्लाउज शिवते. पहिल्या दिवशी म्हणाली, "वाकळ शिवूलालीस काय गं?" दुसऱ्या दिवशी माझी तिरकी गेलेली टीप बघवेना, म्हणून स्वतःच मशीनवर बसली. माझ्या मैत्रिणीला नेझुको, म्हणजे तांजिरोची बहीण, व्हायचं होतं. नेझुकोच्या तोंडात बांबूचा तुकडा असतो, तो बुरूडाकडून तासून आणला. त्यानं काहीही विचारलं नाही, फक्त एवढंच म्हणाला, "तोंडात धरायचा असेल तर कडा घासून देतो."

आणि थर्माकोल. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला की तो विरघळतो, खड्डे पडतात. आधी फेविकॉल-पाण्याचा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग रंग. हे मला यूट्यूबनं शिकवलं नाही, गणपतीचे देखावे करणाऱ्या आमच्या मंडळातल्या दादानं शिकवलं. बंगळूरच्या एका कॉनमध्ये शेजारी उभ्या मुलाच्या खांद्यावरचं कवच असंच चाळण झालेलं होतं. त्याला हा उपाय सांगितला तर वहीत लिहून घेतला. आमच्या दादाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मात्र कॉनवाल्यांचंही सगळं गोड नाही. चित्ररथ बघायला तिकीट नसतं. कंग्राळी, येळ्ळूरहून टेम्पो भरून माणसं येतात, कट्ट्यावर आज्ज्या बसतात, पोरं बापाच्या खांद्यावर. कॉनचं एका दिवसाचं तिकीट हजाराच्या घरात, वर प्रवास, वर राहणं. आत गेलं की निम्मा हॉल कंपन्यांचे स्टॉल. एक फुकटची किचेन मिळवण्यासाठी चक्र फिरवायच्या रांगेत लोक तासभर उभे. गेमिंगच्या भागात तर दोन मिनिटं खेळायला मिळावं म्हणून अर्धी दुपार जाते, आणि जो गेम असतो तो पोरं घरी मोबाइलवर खेळतातच. मी तिकडं फिरकत नाही. आर्टिस्ट ॲलीत जाते, जिथं चित्रकार आपली प्रिंट, स्टिकर, छोटी कॉमिक्स स्वतः विकायला बसलेले असतात. पैसे खर्चायचे तर तिथंच खर्चावेत असं माझं ठाम मत आहे. जगातला सगळ्यात मोठा असा मेळावा टोकियोचा कॉमिकेट. १९७५ मध्ये चाहत्यांनी आपापली हौशी कॉमिक्स एकमेकांना विकण्यासाठीच तो सुरू केला होता. टीशर्टचे स्टॉल बघून हे कुणाला सांगावं तर खरं वाटणार नाही.

आणखी एक तक्रार आपल्याच कॉनवाल्यांची. मंडळाच्या पोरांना 'गावठी' म्हणून नाक मुरडणारे यांच्यात भरपूर आहेत. स्वतः तयार पोशाख मागवलेला असतो, आणि ज्यानं रात्री जागून पुठ्ठ्याचा बुरूज उभा केला त्याला हसायचं!

पण चित्ररथवाल्यांनी कॉनकडून घेण्यासारखंही आहे, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. कॉनमध्ये फोटो काढण्याआधी विचारतात. पोशाख घातला म्हणजे अंगाला हात लावायची परवानगी दिली असं नव्हे, हे सांगणारे फलक न्यू यॉर्क कॉमिक कॉनमध्ये २०१४ पासून लागले आणि ती पद्धत पुढं बऱ्याच ठिकाणी गेली. आमच्या मिरवणुकीच्या गर्दीत रात्री अकरानंतर मुलींनी किती वेळ उभं राहायचं हे आमच्या कोपरांना विचारा. आमच्या मंडळात तर जिजाऊंचं पात्रही कित्येक वर्षं मुलगाच करायचा. का, तर मुलीला ट्रॉलीवर रात्रभर कोण सोडणार. कॉनमध्ये मी तांजिरो होते, पुरुष पात्र. "तू मुलगी असून तांजिरो कशी?" हे मला कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही.

भाषेचं कुणी विचारेल म्हणून तेही सांगते. बंगळूर आणि मुंबई दोन्ही आम्हाला सारखीच लांब, पाचशे किलोमीटरच्या आसपास. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्री निघायचं, सकाळी पोचायचं. वंदे भारत २०२५ मध्ये सुरू झाली खरी, पण ती दुपारी पोचवते, तोवर अर्धी कॉन उरकलेली. त्या हॉलमध्ये हुबळीचा पोरगा, कोल्हापूरची पोरगी आणि मी हिंदी-कानडी-मराठीची भेळ करून बोलत होतो, कारण तिघंही 'हंगामा' चॅनलवर हिंदीतला डोरेमॉन बघत मोठे झालेले. डेमन स्लेयरचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा सप्टेंबर २०२५ मध्ये भारतात लागला तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीही नाही, कानडीही नाही. एवढ्या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजू एकत्र मोर्चा काढू शकतात.

"मग बेळगावात कॉन का होत नाही?" असं बरेच जण विचारतात. मला ती घाई नाही. भाड्याचा हॉल, टीशर्टचे चार स्टॉल आणि एक डीजे, एवढंच होणार असेल तर राहू दे.

त्यापेक्षा वेगळंच काहीतरी चाललंय. मिरवणुकीच्या रात्री हमखास वळीव येतो आणि पुठ्ठ्याची चिलखतं भिजून लोंबायला लागतात. ईव्हीए फोम, म्हणजे योगा मॅटला असतो तसला फोम, पाण्याला दाद देत नाही, हीटगननं गरम केला की छातीच्या आकारात वळतो, आणि घालणाऱ्यालाही हलका. मंडळाच्या बैठकीत मी नमुना म्हणून एक खांदा करून नेला. खजिनदारांनी आधी शीटचा भाव विचारला, मग खांदा वाकवून बघितला, मग नळाखाली धरला. सहा चिलखतं करायचं ठरलंय. ट्रॉलीवर कोण चढणार यात दोन मुलींची नावं आहेत, त्यावर अजून वाद चालू आहे, आणि तो मी सोडणार नाही.

तोवर ज्यांच्या घरी जुनी ईव्हीएची योगा मॅट किंवा लहान पोरांच्या जोडायच्या फोमच्या लाद्या पडून असतील त्यांनी टाकू नका, मला द्या. आठ-दहा मिलिमीटर जाडी हवी. रंग कुठलाही चालेल, वरून रंगवायचंच आहे.