पिवळे कार्ड नसले तरी वकील मिळतो

सातपूरला राहणाऱ्या माझ्या विधवा आत्याने सासरच्या घरातील हिश्श्यासाठी मोफत वकील मिळावा म्हणून अर्ज भरला होता, तो तिने गेल्या आठवड्यात न देताच परत आणला. तिच्या भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश फिरत आहे. त्यात म्हटले आहे की सरकारी खर्चाने वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डधारकांना आणि तोही फौजदारी खटल्यातच मिळतो, केशरी कार्डावर अर्ज केल्यास फसवणुकीचा गुन्हा दाखल होतो, हद्दीबाहेरचे पोलीस ठाणे तक्रार घेत नाही आणि लोकअदालतीत गेल्यास अपिलाचा हक्क बुडतो.

गुन्ह्याची धमकी मला सर्वांत घातक वाटते, कारण ती नेमक्या गरजू माणसाला दारातून परत फिरवते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ कोणीही वाचावे. त्यात रेशनकार्डाच्या रंगाचा उल्लेखच नाही. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीने पीडित झालेले आणि औद्योगिक कामगार यांना या कलमाने थेट पात्र ठरवले आहे. उत्पन्नाची मर्यादा हा त्यानंतरचा, स्वतंत्र निकष आहे. म्हणजे आत्याचे उत्पन्न किती, हा प्रश्नच उद्भवत नाही, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगारालाही पिवळे कार्ड शोधत बसण्याचे कारण नाही. हे कलम खटला दाखल करणाऱ्या आणि खटल्यात बचाव करणाऱ्या अशा दोघांसाठी आहे, त्यामुळे वाटणीचा दिवाणी दावाही त्यात बसतो. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य नसेल तर अर्ज नामंजूर होऊ शकतो, परंतु स्वतःचे खरे कार्ड खरेपणाने दाखवणे ही फसवणूक कोणत्या कायद्याने ठरते, हे तो संदेश सांगत नाही, कारण असा कायदाच नाही.

हद्दीचा मुद्दाही चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्यात देता येते आणि नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

लोकअदालतीबद्दलचे विधान मात्र निम्मे खरे आहे, हे मान्य करावे लागते. तिचा निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील होत नाही. परंतु निवाडा होतो तो दोन्ही पक्षांच्या तडजोडीनेच. तडजोड झाली नाही तर न्यायालयातून आलेले प्रकरण पुन्हा न्यायालयात जाते आणि कोणाचाही हक्क बुडत नाही. ही दुसरी बाजू संदेशातून गाळली आहे.

आत्याचा अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. सोमवारी आम्ही दोघे जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तो देणार आहोत. ज्यांना तेथवर येणे जमत नाही, त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे.