पिंक सॉल्ट आणि आत्याआजीचा पदर

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या. सकाळी भाचीकडे गेले होते, चौथा महिना लागलाय तिला. भाजी अळणी लागली म्हणून मीठ मागितलं तर समोर आली हिमालयन पिंक सॉल्टची गुलाबी बरणी. साधं मीठ घरातच नाही!! का, तर रीलवाल्या कुणा बाईने सांगितलंय पांढरं मीठ म्हणजे विष आणि आयोडीन म्हणजे केमिकल.

माझ्या आत्याआजीला गलगंड होता. चांगला पेरूएवढा. बाहेरचं कुणी आलं की तिचा हात आधी गळ्याशी जायचा, पदर हनुवटीखाली घट्ट धरून ठेवायची आणि चहाचा कप दुसऱ्या हाताने पुढे करायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. आता आठवलं की कसंतरी होतं.

तिच्या घरात कुठलं आलंय केमिकल? मडक्यातलं जाडं मीठ, एकदम नॅचरल! अहो दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं माणसाला, गरोदर बाईला 250, जन्मभराचं एकत्र केलं तरी चमचा भरत नाही, पण तेवढं नसलं की थायरॉइडची गाठ फुगत जाते, आणि पोटातल्या बाळाचा मेंदू सुरुवातीचे महिने आईच्याच थायरॉइडवर वाढतो, हे रीलमध्ये कोण सांगणार?

आणि म्हणे हिमालयन! हिमालयाच्या पायथ्यालाच तर गावंच्या गावं गलगंडाची होती, तिथल्या मातीतलं आयोडीन पाण्याबरोबर कधीच वाहून गेलेलं. 1956 पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींच्या टीमने काही भागात आयोडीनचं मीठ देऊन बघितलं, तिथे पाच-सहा वर्षांत गलगंड उतरला. मग 1962 पासून सरकारने देशाचा कार्यक्रमच काढला. आत्याआजीपर्यंत ते मीठ पोचलं तोवर तिची साठी उलटली होती.

हो, मीठ कमीच खावं, बीपीवाल्यांनी तर नक्कीच. उपासाला सैंधव मीही घेते. बास, एवढंच मान्य.

भाचीला जरा जास्तच बोलले. रडवेली झाली बिचारी. तिचा तरी काय दोष, तिने जन्मात कुणाचा असा गळा बघितलेला नाही. दुपारी वाण्याकडून आयोडीनच्या मिठाचा पुडा नेऊन दिला आणि संध्याकाळी आत्याआजीचा आमच्याकडे असलेला एकुलता एक फोटो तिला पाठवला, काकाच्या लग्नातला, सगळे हसतायत आणि हिचा हात पदरासकट गळ्याशी.

लगेच रिप्लाय आला, "मावशी, ह्यांना थंडी वाजत होती का गं?"

मे महिन्यातलं लग्न होतं ते.