गाडी आमची, गर्दी आमच्यामुळे, आणि फीसुद्धा आम्हीच भरायची?

आला पुन्हा तो जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचा फॉर्म. वर गुळगुळीत पोस्टर, त्यावर तीन जुन्या गाड्या झळकतायत (त्यातली एक माझ्या ओळखीच्या गृहस्थांची, त्यांना न विचारताच छापलेली), खाली ठळक अक्षरांत 'नोंदणी सुरू', आणि पार तळाला, चष्मा पुसल्याशिवाय दिसणार नाही इतक्या बारीक टायपात, 'प्रदर्शक शुल्क'. लवकर भरलं तर सवलत आहे म्हणे. उपकारच झाले!

म्हणजे गाडी माझी. ती चालती ठेवण्यात गेलेल्या सुट्ट्या माझ्या, काळी झालेली नखं माझी. भल्या पहाटे ती मी तुमच्या मैदानात आणून उभी करायची आणि संध्याकाळी तुम्ही सोडाल तेव्हाच न्यायची. ती बघायला लोक तिकीट काढणार, ते पैसे तुमच्या गल्ल्यात. आणि हे सगळं करू दिल्याबद्दल पैसेही मीच मोजायचे. नटाने स्वतः तिकीट काढून रंगमंचावर चढायचं आणि पडदा पडेपर्यंत खाली उतरायचं नाही, असला हा प्रकार.

बरं, पैसा कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. दारात तिकीट आहे. पार्किंगला वेगळी पावती आहे. खाण्याचे स्टॉल, खेळण्यातल्या गाड्यांचे स्टॉल, पॉलिशवाले, टायरवाले, विमावाले, सगळ्यांकडून भाडं आहे. स्टेजच्या मागे प्रायोजकांची नावं इतकी दाटीवाटीने की कार्यक्रमाचं नाव शोधावं लागतं. आता यातून गाड्या वजा करा. काय उरतं? मोकळं मैदान, दोन कर्कश स्पीकर आणि पॉलिश विकायला आलेला एक माणूस, ज्याच्याकडे पॉलिश करायला काहीच नाही.

मागच्या खेपेला मी फोन लावला होता. पलीकडे अतिशय गोड आवाजाचा एक तरुण. विचारलं, "फी कशाची घेता?"

"जागेची, मॅडम."

"जागेचं भाडं स्टॉलवाले देतात ना?"

"हो, पण मॅडम, तुम्हाला केवढं एक्स्पोजर मिळतं!"

"मला गाडी विकायची नाहीये."

जरा वेळ काहीच नाही. मग म्हणतो, "मॅडम, साहेबांकडे द्या ना फोन, मी त्यांना समजावून सांगतो."

साहेबांकडे! आमच्या साहेबांना पाना कुठला आणि पक्कड कुठली हे सांगता सांगता माझे केस पिकले. कागदपत्रांवर नाव माझं, फॉर्मवर सही माझी, तरी समजावणार साहेबांना. असो, तो वेगळा संताप आहे, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

एक्स्पोजर म्हणे. माझ्या मॉरिस मायनरला एक्स्पोजर मिळालं तर ती काय गाणं म्हणणार आहे? तिला एकच एक्स्पोजर मिळतं, दिवसभराच्या उन्हाचं, आणि त्याने डॅशबोर्डवरचं रबर तडकतं.

ही गाडी काही राजेरजवाड्यांची नाही. सिरीज टू आहे, म्हणजे मायनरची दुसरी आवृत्ती, पुढची काच मधोमध दुभागलेली, ८०३ सीसीचं इवलंसं इंजिन. अॅलेक इसिगोनिसने सामान्य घरांसाठी आखलेली गाडी, १९४८ ते १९७१ या काळात सोळा लाखांच्या आसपास बनली. पण साधी गाडी म्हणून ती न्यायला सोपी, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा माझ्याबरोबर आदल्या आठवड्यात गॅरेजमध्ये यावं. बॅटरी चार्जिंगला लावा. इंजिनला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, आतल्या पॉइंटमधली फट फीलर गेजची पातळ पट्टी घालून मोजा. कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या डॅशपॉट नावाच्या डबीतलं ऑइल बघा. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेव्हा एकेक चाक जॅकवर उचलून ब्रेक जुळवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खाऊन टाकतं, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बोटांनी दाबून बघायच्या, कुठे मऊ पडलीय, कुठे तडा गेलाय. हे टाळलं तर गाडी नुसती बंद पडून भागत नाही, पेटते. एवढं झाल्यावर मग धुणं, पुसणं आणि क्रोम घासणं, जे तुम्ही पोस्टरवर दाखवता.

आणि मग आम्ही तुमच्या गेटवर येतो.

या गाडीचा रेडिएटरचा पंखा इंजिनला पट्ट्याने जोडलेला असतो. इंजिन मंद झालं की पंखाही मंद. रस्त्यावर पळताना तिला समोरून वारा मिळतो, ती मजेत असते. रांगेत उभी केली की तापायला लागते. बॉनेटखालची उष्णता पेट्रोलच्या नळीपर्यंत पोचली की आतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ काही पंपाला ओढता येत नाही, आणि गाडी जागच्या जागी बसते. याला व्हेपर लॉक म्हणतात. जुनी गाडी असलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्यांना मात्र हे ठाऊक नसतं. कारण गाड्यांसाठी वेगळं गेट ठेवा हे साधं कलम कुणाला सुचत नाही. स्टॉलवाल्यांचे टेम्पो, जनरेटरचा ट्रक, मांडववाले आणि त्यांच्यामध्ये घुसमटलेल्या आम्ही. बॉनेट उघडून नळीवर ओलं फडकं गुंडाळून उभी होते, तर एक स्वयंसेवक शिट्टी फुंकत आला. "मॅडम, इथे गाडी दुरुस्त करायला परवानगी नाही." त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर माझ्याच गाडीसारख्या गाडीचं चित्र होतं.

पावती दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे सांगायचं राहिलंच.

आत गेलं की जागा. फॉर्मवर लिहिलेलं असतं 'सावलीची व्यवस्था'. सावली प्रायोजकाच्या नव्याकोऱ्या गाडीवर असते. मान्य, त्याने जास्त पैसे दिलेत. पण मग निदान आमच्याकडून घेतलेल्या पैशांत एक दोरी तरी बांधा हो! गाड्या आणि लोक यांच्यामध्ये एक साधी दोरी. तीही नाही. लोक बॉनेटवर कोपर टेकवून फोटो काढतात, पट्ट्याचं बक्कल रंगावरून ओढत जातात, दाराची हँडलं खालीवर करून बघतात. पोरांना मडगार्डवर बसवतात. मी लहान मुलांवर कधीच चिडत नाही, त्यांना मी स्वतः दार उघडून सीटवर बसवते, हॉर्न वाजवू देते. चीड येते ती हौसेने पुढे सरकणाऱ्या मोठ्यांची.

माझ्या गाडीला इंडिकेटरचे दिवे नाहीत, ट्रॅफिकेटर आहेत. दोन दारांमधल्या खांबात एक चिंचोळा हात लपलेला असतो, वळायच्या वेळी विजेच्या जोरावर तो आडवा बाहेर येतो आणि त्याच्या पोटातला पिवळट दिवा लागतो. बघणाऱ्याला जादूच वाटते. एका सद्गृहस्थाला ती जादू स्वतः करून बघायची होती. वीज बंद असताना त्याने नखाने तो हात उपसला, आणि परत बसेना म्हणून दाबला. कट्. पिवळं आवरण फुटून खाली पडलं, आतला बल्ब उघडा. गृहस्थ म्हणतात, "नाजूक होतं वाटतं." आणि गेले पुढच्या गाडीकडे!

आयोजकांच्या टेबलावर गेले. तिथल्या बाईंनी फॉर्मची दुसरी बाजू उलटून बोट ठेवलं: 'वाहनाचे कोणतेही नुकसान, चोरी अथवा अपघात यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत.' त्याच्याखालचं कलम, गाडीचे फोटो आणि चित्रफिती आयोजक कुठेही, कसेही वापरू शकतील. त्याच्याखालचं, कार्यक्रम संपण्यापूर्वी वाहन हलवल्यास पुढील वर्षी नोंदणी नाकारण्यात येईल. म्हणजे नुकसान माझं, फोटो तुमचे, आणि वैतागून घरी निघाले तर शिक्षाही मलाच. चोर तो चोर, वर शिरजोर.

आता एक नेहमीचा शहाणपणा ऐकवतात, तोही ऐका. "एवढी जुनी गाडी बाळगता, मग ही किरकोळ फी परवडत नाही का?" परवडण्याचा प्रश्न आलाच कुठे? जुनी गाडी बाळगणारा प्रत्येक माणूस पैशात लोळतो हा गैरसमज मुळात पसरवला कुणी, तर महागड्या गाड्यांच्या लिलावांच्या बातम्यांनी. आमच्यातले बहुतेक लोक एका सुट्या भागासाठी महिनोन्‌महिने भंगारवाल्यांकडे खेपा घालणारे आहेत. आणि परवडत असलं तरी का द्यायचं? मला परवडतं म्हणून तुम्ही माझा खिसा कापणार?

पैसे देण्याला माझी हरकत मुळीच नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी लगेच चिकटपणाचा शिक्का मारेल. आपलेच दहा-वीस लोक जमून एखाद्या सकाळी मैदान घेतात, भाडं आणि विमा वाटून घेतात, तिथे मी सगळ्यात आधी पैसे काढते. तिथे तिकीट नाही, प्रायोजक नाही, कुणी कमवत नाही. एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी कार्यक्रम असेल तर घ्या, पण नंतर किती जमले आणि किती पोचले ते कागदावर दाखवा. गाडी विकायला आणणाऱ्या व्यापाऱ्याकडून तर दुप्पट घ्या, तो दुकान मांडायलाच आलाय. लंडन ते ब्रायटन ही जी जुनी सफर आहे, १९०५ च्या आधीच्या गाड्यांची, तिथेही भाग घेणारे फी भरतात आणि कुणी कुरकुरत नाही. कारण तिथे सुमारे ९६ किलोमीटर गाडी चालवायला मिळते, रस्त्याचा बंदोबस्त असतो, तो दिवस तुमचा असतो. तुम्ही तिथे बघण्याची वस्तू म्हणून उभे नसता. उलट इंग्लंडमधल्या गुडवुडचा 'फेस्टिव्हल ऑफ स्पीड' बघा, १९९३ पासून चाललाय. तिथे गाड्या आणि चालक येतात ते आमंत्रणावर, आणि तिकीट काढतात ते बघणारे. कोण कुणासाठी आलंय हे तिथल्या लोकांना कळतं. आमच्याकडे फॉर्म पाठवणाऱ्यांना फक्त शुल्काचा रकाना कळतो.

आणि या रकान्याने काय होतंय ते दिसत नाही का कुणाला? फी आली की आधी कोण गळतं? चकाचक ट्रेलरवरून येणारा, गाडी वर्षातून एकदाच ताडपत्रीबाहेर काढणारा गळत नाही. गळतो तो जुनी डिलिव्हरी व्हॅन जपणारा, जुनी फियाट रोज ऑफिसला नेणारा, वडिलांची गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करणारी पोरगी. मग मैदानात उरतात त्याच त्या पाच-सहा लांबलचक गाड्या, ज्या मागच्या वर्षीही होत्या आणि त्याच्या मागच्या वर्षीही. लोक त्यांचे फोटो काढतात हे खरं. पण थांबतात कुठे, ते मी उभी राहून बघितलंय. थांबतात ते साध्या गाड्यांपाशी. "अगं, ही आपल्या मामांकडे होती बघ, मागच्या सीटवर आपण चौघं बसायचो." फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ मध्ये दीड कोटींवर बनली, फोक्सवॅगनची बीटल दोन कोटींवर. लोकांच्या आयुष्यात याच गाड्या होत्या. आजोबा नातवाला दार दाखवून सांगतात, याच्यात माझं बोट अडकलं होतं. ते ऐकायला मिळतं म्हणून तर मी एवढी उस्तवार करून येते. त्या गाड्यांच्या मालकांना तुम्ही दारातच पावती फाडून परत पाठवता, आणि मग पुढच्या वर्षी विचारता की गर्दी का घटली!

पण सगळा राग आयोजकांवरच काढून चालणार नाही. आमच्यातलेही महाभाग आहेतच. ग्रुपवर तावातावाने लिहितात, "या वर्षी कुणीही फी भरायची नाही." रात्री बारा वाजता गुपचूप सवलतीत भरून मोकळे. का, तर 'उत्कृष्ट जतन' नावाची ती सोनेरी प्लास्टिकची ट्रॉफी! एकजण तर मला म्हणाला, "ताई, तुम्ही आला नाहीत तर आमच्या गटात स्पर्धा कमी होईल, बरंच आहे." घ्या. अशांच्या जिवावर तर आयोजकांचं फावतं. त्यांना ठाऊक आहे, दहा जण ओरडतील, आठ जण भरतील.

मी या वर्षी फॉर्म भरला आहे. शुल्काच्या रकान्यात माझंच बिल लिहिलंय: पेट्रोल, दिवसभराची हजेरी, फोटोंचे हक्क, आणि एक ट्रॅफिकेटरचं आवरण, मूळचं, मिळाल्यास. वर टीप टाकलीय की लवकर भरल्यास सवलत मिळेल. उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. ज्यांना फी भरून जायचं असेल त्यांनी खुशाल जा, ट्रॉफी मिळाली तर अभिनंदनही करीन. फक्त संध्याकाळी दारावर ओरखडा सापडला की मला फोन करून "ताई, हे कशाने निघेल?" असं विचारू नका.