खेप, खड्डा आणि जोत्यातला मुरूम: एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

‘पायाच्या खोदकामाचा हिशेब’ या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. वीस वर्षे स्वतःचे जेसीबी आणि डंपर चालवणाऱ्या माणसाने केलेली टीका असल्यामुळे तिला दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होणे योग्य वाटले नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: मातीच्या मापाचा माझा हिशेब चुकीचा असून त्यामुळे ठेकेदार विनाकारण चोर ठरला, ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या मापाच्या) दराचा आग्रह धरणारे मालक कातळ लागला की हात वर करतात, पाच फुटांच्या खड्ड्यासाठी सुरक्षेचा बाऊ करण्याचे कारण नाही, आणि रॉयल्टी (माती-मुरुमावर सरकारला द्यावे लागणारे शुल्क) हा बागुलबुवा आहे.

पहिल्या आक्षेपात आपले म्हणणे बरोबर आहे आणि माझे चूक होते. माझ्या घराच्या पायाचा खड्डा 30 बाय 40 फूट आणि पाच फूट खोल, म्हणजे 6000 घनफूट, अर्थात 60 ब्रास. ठेकेदाराने अडीच ब्रासच्या 31 खेपा लावल्या, म्हणजे साडेसत्याहत्तर ब्रास. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करून मी ‘साडेसतरा ब्रासचा घोळ’ असे लिहून टाकले. जमिनीत घट्ट बसलेली माती बकेटने उकरली की ती फुगते, तिच्या ढेकळांमध्ये हवा शिरते आणि काळ्या चिकण मातीचे आकारमान सहज 25 ते 30 टक्क्यांनी वाढते, ही बाब मला ठाऊक असायला हवी होती. त्या हिशेबाने 60 ब्रासच्या खड्ड्यातून 75 ते 78 ब्रास सुटी माती निघणारच. ठेकेदाराच्या खेपा चोख होत्या. लेखातील तो परिच्छेद मी बदलला आहे आणि संबंधित ठेकेदाराला फोन करून तसे सांगितलेही आहे. (तो हसला आणि म्हणाला, ‘‘साहेब, मी तेव्हाच सांगत होतो.’’ ते खरे आहे.)

मात्र हेच गणित मला आता दुसऱ्या बाजूने मांडू द्या, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे आणि मूळ लेखात ती खेपांच्या आरोपाखाली दबून गेली. बाहेर नेताना माती फुगते हे मान्य केले, तर आत आणलेला मुरूम पाणी मारून, धुम्मस करून (चोपून) बसवल्यावर कमी भरतो, हेही मान्य करावे लागेल. जमिनीच्या पातळीपर्यंतचा भराव माझ्या देखत थराथराने झाला, त्याविषयी माझे काहीच म्हणणे नाही. जोत्यातला भराव मात्र मी चार दिवस गावी गेलो असताना उरकण्यात आला. भिंतींच्या आतले क्षेत्र 900 चौरस फूट आणि उंची अडीच फूट, म्हणजे साडेबावीस ब्रास. आणि बिलात अडीच ब्रासच्या नेमक्या नऊ खेपा, म्हणजे तेही साडेबावीस ब्रासच. डंपरमधला साडेबावीस ब्रास सुटा मुरूम नीट बसवला असता, तर तो 18 ब्रासच्या आसपास आला असता आणि जोते अर्धा फूट रिकामे राहिले असते. ते काठोकाठ भरले, याचा अर्थ मुरूम बसवलाच गेला नव्हता. तो ओतून वरून बकेटने सारखा केला होता. आठ-नऊ इंचांचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मस, मग पुढचा थर, हा क्रम कोणत्याही गवंड्याला पाठ असतो. तो पाळायचा तर दोन-तीन खेपा आणि दोन दिवस जास्त लागतात, आणि खेपेच्या दरात धुम्मसची मजुरी कुठेच धरलेली नसते.

कातळाविषयीचा आपला मुद्दा मला पटतो. माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांना एकच दर लावणे हा ठेकेदारावर अन्याय आहे. सरकारी दरसूचीतही ते दर वेगवेगळे असतात. म्हणूनच करारापूर्वी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्यावेत आणि थरांप्रमाणे दर लिहून ठेवावेत, असे मी सुचवले होते. शेजारच्या विहिरीच्या कडेला उभे राहून आत डोकावले तरी काळी माती कुठे संपते आणि मांजऱ्या (मातीखालचा मऊ खडकाचा थर) कुठे सुरू होतो, हे फुकटात कळते. जेसीबीच्या तासाच्या दराला माझा विरोध नाही. ब्रेकर लावून कातळ फोडायचा असेल, तर तोच दर प्रामाणिक ठरतो. मोकळ्या मातीत मात्र तासाचे मीटर मालकाच्या अज्ञानावर पळते, हे आपणही नाकारणार नाही.

सुरक्षेबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. पाच फूट म्हणजे दीड मीटर. उकरलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्याइतकी दूर टाकावी, यांपैकी जे अंतर जास्त असेल ते पाळावे, असे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे विनिर्देश सांगतात. माझ्या प्लॉटवर ढिगारा थेट शेजाऱ्यांच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवला होता आणि पहिल्या पावसातच त्या भिंतीला तिरपी चीर गेली. पुण्यात कोंढव्यामध्ये 29 जून 2019 रोजी मध्यरात्रीनंतर सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून 15 जणांचा जीव गेला. त्या जागेची आणि माझ्या प्लॉटची तुलना होऊ शकत नाही, हे मी जाणतो. पण ‘बाऊ’ हा शब्द मला स्वीकारता येत नाही.

रॉयल्टीविषयी थोडक्यात. पायासाठी उकरलेली माती त्याच प्लॉटवर भरावासाठी वापरली, तर केवळ खोदकाम केले म्हणून दंड आकारता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निर्णय आहे, आणि इथवर आपले म्हणणे रास्त आहे. बाहेरून विकत आणलेल्या मुरुमाला मात्र तो निर्णय लागू होत नाही. त्या नऊ खेपांची रॉयल्टी भरल्याचे पास मी मागितले होते, ते आजतागायत मिळालेले नाहीत.

राहिला आपला शेवटचा प्रश्न: ‘‘जोत्यात मुरूम दबला नाही, हे तुम्हाला कशावरून कळले?’’ पहिला पावसाळा सरला तेव्हा हॉलच्या भिंतीलगत स्कर्टिंग आणि फरशी यांच्यामध्ये रुपयाचे नाणे उभे शिरेल एवढी फट पडली होती आणि टिचकी मारली की फरशी पोकळ वाजत होती. गेल्या आठवड्यात कोपऱ्यातल्या दोन फरश्या काढून खालचे पीसीसी (साधे काँक्रीट) फोडले आणि भोकातून पट्टी आत सोडली. ती मुरुमाला टेकेपर्यंत चार इंच खाली गेली.