उखाण्यासारखं सोपं काहीच नाही

ठाण्याच्या नौपाड्यात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे बोलायला विषय शोधावा लागत नाही. समोरचा माणूस साठीच्या पुढचा असेल तर "तुमच्या रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं?" एवढं विचारायचं. पुढे बिल्डर, कॉर्पस, भाडं आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो सही न करणारा गृहस्थ हे सगळे आपापल्या क्रमाने येतात. मी फक्त "अरे बापरे" आणि "मग?" आलटूनपालटून म्हणते. माणूस घोडबंदरचा असेल तर ट्रॅफिक. तिथे "मग?"चीसुद्धा गरज पडत नाही.

मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, आहे. निदान चाळिशीला टेकल्यावर झालं. ते ऐकून आत्या म्हणाली, "काहीतरीच! चारचौघांत किती छान बोलतेस तू." जन्मभराच्या रंगीत तालमींना मिळालेली ही दाद समजायची की काय, ते मला अजून कळलेलं नाही. निदानासाठी डॉक्टर डीएसएम-५ नावाचं जे जाडजूड पुस्तक वापरतात, त्यात २०१३ पासून लिहिलेलंच आहे की मोठेपणी ऑटिझमची लक्षणं शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जाऊ शकतात. पण आत्या पंचांग वाचते, डीएसएम नाही.

युक्त्यांपैकी सर्वात कष्टाची म्हणजे डोळ्यांत बघून बोलणं. मला एकतर डोळ्यांत बघता येतं, नाहीतर ऐकता येतं. दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून मी भुवयांच्या मधोमध बघते. पुरुषांच्या बाबतीत हे खपून जातं, बायका मात्र टिकली चाचपतात. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी तर बोलता बोलता टिकली काढली, पर्समधल्या आरशात बघून बरोबर त्याच जागी पुन्हा लावली आणि मला थँक्यू म्हणाल्या.

मग आग्रह. लहानपणापासून निरीक्षण करून मी नियम काढला होता: दोनदा "नको, आत्ताच झालं" म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडं". घंटाळी रोडवरच्या एका काकूंनी एकदाच विचारलं आणि पोहे आत नेले. वर ओलं खोबरं होतं, कोथिंबीर होती, कडेला लिंबाची फोड होती. नियम काकूंनी मोडला आणि उपाशी मी राहिले.

फोन संपवण्याबद्दल काय सांगावं! "चल, ठेवू मग?" याच्यानंतरच खरा फोन सुरू होतो. आणि "बाकी काय?" हा प्रश्न तर लोक लिफ्टमध्ये, तळमजला ते दुसरा मजला एवढ्यात विचारतात, तेही आधी काहीच बोलणं झालेलं नसताना.

या लपवाछपवीची, म्हणजे मास्किंगची, २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी प्रश्नावली काढली. नाव कॅट-क्यू. त्यात पंचवीस विधानं आहेत: मी बोलताना स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवते, संवाद आधीच ठरवून जाते, अशा धर्तीची. ती भरताना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या अभ्यासक्रमावर पेपर काढला.

या सगळ्याचं बिल घरी आल्यावर येतं. समारंभाहून आले की मी तासभर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. ट्यूबलाइट नको, टीव्ही नको, कुकरच्या शिट्ट्या तर नकोच नको. सासूबाई कोकम सरबत आणून ठेवतात. त्यांच्या मते मला पित्त आहे. मीही फारसं ताणत नाही. पित्त कसं, सगळ्या नातेवाइकांना पटतं.

डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश अभ्यासक, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ साली मांडलं की हा न कळण्याचा मामला दुतर्फा आहे. आम्हाला तुमचं कळत नाही, तसंच तुम्हालाही आमचं कळत नाही. पुढे २०२०च्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून कानगोष्टींसारखी एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. मग गृहपाठ एकट्या मलाच का, हे कोणीतरी आत्याला विचारा. मी विचारलं तर ते उद्धट दिसेल. तोही नियम मला पाठ आहे.

माझी ऐरोलीची एक मैत्रीण आहे, माझ्यासारखीच. आम्ही तलावपाळीला फेऱ्या मारतो. ती ट्रान्सहार्बर लोकलच्या टाइमटेबलवर बोलते, मी जुन्या कुलपांवर. दोघी तलावाकडे बघतो, एकमेकींकडे नाही. मग मध्येच "माझं संपलं, जाते" म्हणून ती स्टेशनकडे वळते. कोणाला राग नाही, कोणाला पित्त नाही.

बाकी समाजात मला खरा आराम मिळतो तो संक्रांतीच्या हळदीकुंकवात, तोही उखाण्याला. "नाव घ्या" म्हटलं की भल्याभल्या बायका पदराआड लपतात. का, ते मला कळत नाही! तयारी करून आलेलं चालतं, पहिल्या ओळीचा दुसरीशी संबंध नसला तरी चालतं, बोलत असताना कोणी मध्ये तोंड घालत नाही, आणि टाळ्या झाल्या की पाळी पुढचीवर. यंदा आमच्या महिला मंडळाने प्रत्येकीला दोन उखाणे सक्तीचे केलेत. सगळ्या कुरकुरतायत. मी तलावपाळी, कोपिनेश्वराचं देऊळ आणि टीएमटीची बस अशा तिन्हींवर जुळवून ठेवलेत. टीएमटीचा जरा लांब झालाय, पण सोडणार नाही.