बाईच्या भाजीत पुडी कालवू नका

‘घरातल्या बाईची दारू सोडवण्याचे उपाय’ असा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही-नागभीड पट्ट्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होते. पण परवा माझ्या मावसबहिणीच्या दिरानं तो तिच्या सासूला मोठ्यानं वाचून दाखवला, बहीण तिथंच चुलीजवळ बसलेली असताना. तिचे दारू सोडायचे उपचार चालू आहेत. लेकरू दोन वर्षांचं आहे. त्या रात्री ती घरात जेवली नाही.

मेसेज म्हणतो: बाईचं पिणं हा आजार नाही, संस्कार सुटले की असं होतं. मन घट्ट केलं तर एका रात्रीत सुटतं. नाही सुटलं तर अमुक पुडी तिला न सांगता भाजीत कालवा. लेकरं तिच्यापासून तोडा, म्हणजे ताळ्यावर येईल. व्यसनमुक्ती केंद्रात नेऊ नका, ती पुरुषांची असतात आणि घराचं नाव जातं. आणि जाता जाता, बायकांच्या खर्रा-नसेला (नस म्हणजे दातांना लावायची तंबाखूची पूड) व्यसन म्हणू नका.

आधी त्या पुडीचं बोलू, कारण तिनं जीव जाऊ शकतो. अशा पुडीत काय आहे हे बहुतेकदा वर लिहिलेलंही नसतं. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या औषधांपैकी एक आहे डायसल्फिरम, आणि पुडीत तेही असू शकतं. पोटात गेलेल्या दारूचं शरीर जे विष बनवतं, ते पुढं मोडू न देणं हे त्याचं काम. औषध घेतलेल्या माणसानं दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या येतात, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, आणि प्रमाण जास्त झालं तर माणूस दगावतो. म्हणून डॉक्टर आधी यकृत आणि हृदय तपासतात, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास जाऊ देतात आणि रोग्याला समोर बसवून सगळं समजावतात. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. आता ज्या बाईला आपल्या भाजीत काय आहे हेच ठाऊक नाही, तिनं रोवण्यावरून, म्हणजे धानाच्या लावणीवरून, दमून येऊन मोहाची दारू घेतली तर काय होईल? रात्री गावातून दवाखाना गाठायला गाडी मिळेपर्यंत काय होईल? ती पोटुशी असेल, अंगावर पाजत असेल, तर ते औषध लेकरापर्यंत जाईल त्याचं काय?

पुडी साधी राख निघाली तरी नुकसान व्हायचं ते होतंच. घरच्या ताटावरचा विश्वास गेला की ती घरात जेवणार नाही, आणि डॉक्टरनं दिलेली खरी गोळीही तोंडात घालणार नाही. उपचारात असलेल्या बाईचा सगळा आधार या विश्वासावर असतो. तोच या मेसेजनं काढून घेतला.

एका रात्रीत सोडण्याचा सल्लाही तितकाच घातक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात कापतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भ्रम होतो, नाही ते दिसायला लागतं. गावात याला ‘अंगात आलं’ म्हणून मांत्रिकाकडे नेतात. उपचाराविना यात माणूस मरतो. दवाखान्यात हेच दिवस गोळ्या हळूहळू कमी करत आणि बी-वन जीवनसत्त्व देत पार पाडता येतात. निश्चय लागतो, हे मी मान्य करते. निश्चय नसेल तर औषधही पुरं पडत नाही. पण निश्चयानं फिट थांबत नाही.

संस्कारांबद्दल एवढंच. 2019 साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्स रुग्णालयानं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल काढला. त्यात पुरुषांपैकी 27.3 टक्के आणि बायकांपैकी 1.6 टक्के दारू पिणारे निघाले. मग संस्कारांचा जाब एकट्या बाईलाच का विचारता? बाईच्या शरीरात पाणी कमी असतं, तेवढ्याच दारूचा तिला जास्त त्रास होतो आणि सवयही लवकर जडते. त्याच अहवालात आहे की दारूत अडकलेल्या 38 जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो.

आता लेकरं तोडायचं. हे वाचून माझा संताप झाला. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारू आणि नशेमुळं होणारे मनाचे आजार आपल्या व्याख्येत धरतो. त्याच्या कलम 21 मध्ये स्पष्ट आहे की उपचारासाठी भरती असलेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. लेकराला धोका आहे असं उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचं मत झालं, तरच तात्पुरतं दूर ठेवायचं. तेव्हाही आईला देखरेखीखाली लेकराला भेटू द्यायचं, दर 15 दिवसांनी निर्णय पुन्हा तपासायचा, आणि सलग 30 दिवसांच्या वर जायचं तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाची मंजुरी घ्यायची. कोणी म्हणेल, हे दवाखान्यापुरतं आहे, घरात लागू नाही. खरं आहे. पण भरती करण्याइतक्या आजारी आईपासूनही मूल तोडताना कायदा तज्ज्ञाला इतकी बंधनं घालतो, आणि इथं घरचे लोक एका मेसेजवरून दोन वर्षांचं लेकरू उचलून मामाकडे धाडायला निघतात!

यात अर्धं खरं आहे, तेही सांगते. प्यायलेल्या आईनं तान्ह्याला कुशीत घेऊन झोपणं धोक्याचं आहे. त्या रात्री सासूनं, नणंदेनं लेकरू आपल्याजवळ घ्यावं, आणि सकाळी आईच्या हातात परत द्यावं. माझ्या बहिणीला दवाखान्याची पायरी चढवली ती लेकरानंच.

खर्रा-नसेचं मी थोडक्यात आटोपते, कारण यावर वाद घालण्यासारखं काही नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यात सुपारी, चुना आणि तंबाखू असते. त्यानं तोंड उघडेनासं होतं, कर्करोग होतो. गरोदरपणात तंबाखूनं बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होतं. हे व्यसनच आहे.

केंद्रं पुरुषांची असतात, हा मुद्दा मात्र मला नाइलाजानं बराचसा मान्य करावा लागतो. पुरुषांनी भरलेला वॉर्ड, लेकराला जागा नाही, ऐन रोवण्याच्या दिवसांत रोजी बुडते. बाई कशी जाणार? पण म्हणून नेऊच नका, हे त्यातून निघत नाही. सगळ्यांना भरती व्हावं लागत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चिठ्ठी काढून, गोळ्या घेऊन घरी परत येता येतं. 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी सेवेचा, नंबर फुकट लागतो. वावरात एकटी असतानाही बाई त्यावर बोलू शकते. बचत गटातल्या दोघी तारखेला सोबत गेल्या, तर नाव कोणाचं जात नाही.

आणि दीरभाऊ, तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर पुढच्या तारखेला लेकराला दिवसभर सांभाळा, तिची बुडालेली रोजी भरून द्या. मधे एखाद्या दिवशी ती पुन्हा प्यायली, तर ओरडू नका. या आजारात असं होतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डॉक्टरकडे जा.