हात दाखवा, मशीन थांबवा

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी ते मागून घेतलेलं नाही. बायको आतल्या खोलीतून "किती झाल्या रे?" विचारते तेव्हा मला आकडा माहीत असतो, आणि ज्याला आकडा माहीत असतो त्याची मग सुटका नसते. अडचण अशी, की मी फक्त आमच्याच कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. शेजारच्या, खालच्या, डक्टपलीकडच्या, सगळ्या आपोआप मोजल्या जातात. खालच्या काकूंकडे आज राजमा आहे की नुसता वरणभात, हे मला त्यांच्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. परवा त्यांचा कुकर दुसऱ्या शिट्टीनंतर बराच वेळ गप्पच बसला, तर माझं अर्धं पान वाया गेलं. डोळे ओळींवरून फिरत होते, पण जीव तिसऱ्या शिट्टीत अडकला होता.

पान म्हणजे प्रुफाचं पान. मी कोथरूडला घरी बसून प्रुफं तपासतो. हा धंदा असा आहे की त्यात डोळ्यांपेक्षा कान जास्त आड येतात. एकीकडे 'आणी'तली दीर्घ णी पकडायची आणि दुसरीकडे लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजा बंद करें, कृपया दरवाजा बंद करें' असं विनवत असते. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं टाकून गेलेलं असतं. बिल्डिंगमधल्या कुणालाच तिची दया येत नाही. शेवटी मीच चप्पल घालून जातो आणि दार लावून येतो. परत येऊन बसतो तोवर खाली एक गाडी मागे घ्यायला सुरुवात होते. गाडी मागे घेताना सुरावट वाजवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला आमच्या गल्लीत भाड्याने राहायला आणावं. भाडं मी भरीन.

आणि नुसते आवाजच नाहीत. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल मला दिवसभर टोचतं, म्हणून घरातले माझे सगळे शर्ट मानेशी कातरलेले आहेत. ट्यूबलाइट जायच्या आधी आठवडाभर ती जाणार आहे हे मला कळतं. कुणी रागावून 'ठीक आहे' म्हणालं, की त्यातलं काय ठीक नाही ते मी रात्रभर शोधत बसतो. आईने यावर माझ्या तिसऱ्या वर्षीच निदान केलं होतं: "कार्टं किरकिरं आहे." पुढे एलेन एरन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी याचा रीतसर अभ्यास केला आणि १९९६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अशा माणसांना त्या अतिसंवेदनशील म्हणतात. यांचा मेंदू बाहेरून येणारं सगळंच जास्त खोलवर चाळत बसतो, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी यांना आधी जाणवतात आणि गर्दी-गोंगाटाने ही माणसं लवकर दमतात. हा आजार नव्हे, जन्मजात घडण आहे. आणि शंभरातली पंधरा-वीस माणसं अशी असतात, असा त्यांचा अंदाज. मुलीने हे मला मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा हिशेब केला. आमच्या सोसायटीत शंभरावर माणसं सहज असतील. मग बाकीचे पंधरा कुठे आहेत? त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये लोकांच्या चेहऱ्याकडे संशयाने बघतो. अजून एकही सापडलेला नाही. तेही बहुधा घरात दारं-खिडक्या लावून बसलेले असावेत.

त्याच्याही आधी, बायकोच्या आग्रहाखातर, मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. तिथे ऐकू येण्याची तपासणी करतात. एका छोट्या खोलीत बसवतात, तिच्या भिंतींना आतून भोकाभोकांचं जाड अस्तर असतं आणि दार बँकेच्या तिजोरीसारखं. कानावर हेडफोन चढवतात, हातात एक बटण देतात. बारीक 'टूं' ऐकू आलं की दाबायचं. दार बंद झालं आणि मला गहिवरून आलं. पुण्यात अशी जागा आहे! मला माझ्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता, मनगटावरच्या. तपासणारी मुलगी काचेपलीकडून खुणा करत होती. मग ती आत येऊन म्हणाली, "काका, झालं. बाहेर या."

"अजून थोडं तपासलंत तर?"

"गरज नाही. कान एकदम नॉर्मल आहेत."

"उजवा पुन्हा एकदा बघा ना."

तिने बाहेर ताटकळलेल्या आजोबांकडे बोट दाखवलं. त्या आजोबांना काहीच ऐकू येत नव्हतं आणि ते त्या खोलीत जाणार होते. देव अक्रोड कुणाला देतो आणि दात कुणाला, हे मला त्या दिवशी दिसलं.

नॉर्मल म्हटल्यावर उपाय आपले आपणच करणं आलं. सुरुवात कायद्यापासून केली, कारण मी पुण्यात राहतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५; रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येतं, तिथे आणखी पाच-पाच डेसिबल कमी. आमच्या कोपऱ्यावर एक शाळा आहे आणि खांबावर 'शांतता क्षेत्र'ची पाटीही आहे. मधल्या सुट्टीत मी गॅलरीत उभं राहून मोबाइलवर आवाज मोजला, तर शांतता क्षेत्रातला सर्वांत मोठा आवाज खुद्द ती शाळाच करत होती. तक्रार कुणाची कुणाकडे करणार? मोबाइलवरचं मोजमाप तसं फार भरवशाचं नसतं, पण त्या आठवड्यात मी आमच्या घरातही सगळीकडे ते धरून हिंडलो. मिक्सर चटणी वाटताना ८५. डेसिबलचं गणित चक्रवाढीचं आहे. दहा वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ५५च्या मर्यादेच्या तुलनेत आमची खोबऱ्याची चटणी हजारपट बेकायदेशीर आहे. हे मी बायकोला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "चटणी नकोय का?" प्रकरण तिथेच मिटलं.

मग कानात घालायचे फोमचे बोळे आणले. ते चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचे. हे सगळं जमलं की बाहेरचं जग खरोखर दूर जातं. पण कान बुजवले की आपल्याच हाडांतून येणारे आवाज आत कोंडतात आणि मोठे होतात, हे पाकिटावर कुणी लिहीत नाही. मी बोळे घालून चिवडा खायला बसलो. पहिला घास चावला आणि डोक्यात कुणीतरी खडी टाकली. घोट गिळला की आत दार आपटतं. श्वास, नाडी, मानेचं हाड, सगळी मंडळी हजर. बाहेरच्या आवाजाला निदान खिडकी लावता येते.

मुलीने वाढदिवसाला आवाज मारणारे हेडफोन दिले. भारी वस्तू आहे. त्यातला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि बरोबर त्याच्या उलट लाट कानात सोडतो. दोन्ही एकमेकांना खातात. पण ही युक्ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर चालते. पंख्याची घरघर, बसचं इंजिन, एसीचा घुमारा असलं काही. अचानक येणारा, टोकदार आवाज तिच्या तावडीत नीट सापडत नाही. परिणामी पंखा गेला, फ्रीज गेला, रस्त्याची गाज गेली आणि त्या स्वच्छ, पवित्र शांततेत एकच गोष्ट उरली: काकूंच्या कुकरची शिट्टी. इतकी सुरेख ती मला आधी कधीच ऐकू आली नव्हती.

राहता राहिली टेकडी. पुण्यात कुठलंही दुखणं सांगा, माणसं म्हणतात, "वेताळ टेकडीवर जात जा." गेलो. पहाटे अंधारात गेलो. लोक तिथे शांतता अनुभवायला येतात आणि येताना खिशात स्पीकर घेऊन येतात. वर चढेपर्यंत मला एक भूपाळी, शेअर बाजाराचं विश्लेषण आणि एका गृहस्थांचं अमेरिकेतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवरचं पूर्ण संभाषण मिळालं. सुनेला तिथली थंडी सोसत नाही. एका पठारावर हास्यक्लब होता. पंचवीस-तीस माणसं सूर्याकडे तोंड करून विनाकारण हसत होती. मला काही त्यांचा राग आला नाही. मोरांना आला असावा, कारण तेही पलीकडून ओरडायला लागले. मोर दिसायला काहीही असो, गळा त्याचा रिक्षाच्या हॉर्नचा आहे.

इथे एक सांगून टाकतो, जरी त्याने माझी केस कमजोर होते. ढोल मला आवडतो. नदीकाठी पथकांचा सराव सुरू झाला की लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघतात आणि मी मात्र पाय आपटत ताल धरून बसलेला असतो. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीला चोवीस तास उलटून जातात, त्यातले काही तास मी स्वतः लक्ष्मी रस्त्यावर ढोलासमोर छाती थरथरेपर्यंत उभा असतो. डीजेच्या भिंतीपुढे मात्र दोन मिनिटं टिकत नाही. बायको म्हणते, "म्हणजे तुला आवाजाचा त्रास होत नाही, तुला न विचारता केलेल्या आवाजाचा होतो." ती हे चेष्टेने म्हणाली. पण डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रयोग करून दाखवलेलं आहे.

त्यांचं काम १९७२ साली पुस्तकरूपाने आलं. त्यांनी माणसांना खोलीत बसवून मुद्दाम तयार केलेला गोंगाट ऐकवला. त्यात दोन माणसं स्पॅनिश बोलतायत, एक आर्मेनियन बोलतंय, वर टाइपरायटर, हिशेबाचं यंत्र आणि चक्रमुद्रण यंत्र, सगळं एकावर एक. थोडक्यात, आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा. काही जणांना एक बटण दिलं आणि सांगितलं, फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल; पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. म्हणजे गोंगाट दोन्ही गटांनी तेवढाच ऐकला. नंतर परीक्षा घेतली, तर बटणवाल्यांनी बिनबटणवाल्यांपेक्षा कितीतरी चांगलं काम केलं. आणि परीक्षा कसली होती? एक न सुटणारी कोडी सोडवण्याची आणि दुसरी चक्क प्रुफं तपासण्याची. माझ्या धंद्याची अशी दखल मानसशास्त्राने घेतलेली पाहून मला भरून आलं.

तेव्हापासून मी शांततेचा नाद सोडला आणि बटणाच्या मागे लागलो.

ते मिळालं समोरच्या विंगमध्ये. तिथल्या एका फ्लॅटचं सगळं उकरून नव्याने काम निघालं होतं. फरशी कापायचा कटर त्यांनी गॅलरीत मांडला होता, आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. कटर लादीला लागतो तो आवाज लिहून दाखवता येत नाही. दाढेतून जातो एवढंच. लागून जात राहिला असता तरी चाललं असतं, पण तो चार सेकंद चालायचा, थांबायचा, आणि पुन्हा कधी सुरू होईल याचा नेम नाही. ही मधली शांतता आवाजापेक्षा वाईट. सोसायटीचा दुपारी दोन ते चार काम बंदचा नियम ते पाळत होते, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नव्हतं. शेवटी मीच तिकडे गेलो. फरशीवाला मिस्त्री लातूरकडचा, डोक्याला रुमाल, भुवया पांढऱ्या पिठात बुडवून काढल्यागत. मी म्हटलं, मी घरी बसून वाचायचं काम करतो, जरा त्रास होतो.

"समोर तुमीच राहता व्हय? खिडकीत चष्मा लावून बसता ते?" तो म्हणाला. "मंग आधीच सांगायचं की, सर. कटर तर बंद करता यायचा न्हाई, पण लई महत्त्वाचं असलं तर गॅलरीत या आन् हात दाखवा. थांबवतो."

"थांबवाल?"

"पाच-धा मिनिटं थांबवतो की. त्यात काय."

घरी आलो, बसलो. कटर सुरू झाला. मी उठून हात दाखवू शकत होतो. म्हटलं, बघू, एवढा परिच्छेद होऊ दे. मग तेवढं पान होऊ दे. संध्याकाळी बघतो तर अख्खा फर्मा वाचून झाला होता, आणि त्यात एका समासात मी 'इथे लेखकाला विचारावे' असं सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं.

हात एकदाच दाखवला, यंत्रणा चालू आहे की नाही ते बघायला. कटर तत्काळ थांबला. मिस्त्री कठड्यावरून वाकून बघायला लागला, "काय झालं, सर?" आता काय सांगायचं? मी म्हटलं, "जेवलात का?" तो हसला आणि म्हणाला, "न्हाई अजून." पण पंचाईत पुढे झाली. दोरीवर टॉवेल टाकायला हात वर केला, कटर बंद. कबुतरं हाकलली, कटर बंद. सकाळी गॅलरीत सूर्यनमस्कार घालायची माझी सवय मला सोडून द्यावी लागली, कारण त्यात फरशीचं काम पुढे सरकेना. बिल्डिंगमध्ये मात्र माझा दबदबा वाढला. यांनी नुसता हात वर केला की मशीन बंद होतं, हे खालच्या काकूंनी स्वतः पाहिलं होतं. त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अहो, तेवढं त्या भोंगेवाल्या कांदे-बटाट्याच्या टेम्पोलाही बघा ना. डोक्यात जातो अगदी. आणि ते लिफ्टचं दार, कुणीतरी उघडं ठेवतं बघा, मला दुपारभर झोप नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. शर्टाचं लेबल विचारणं बरं दिसलं नसतं. पण पंधरातली एक सापडली होती, आणि तिच्याच कुकरने माझं आयुष्य खाल्लं होतं. मी धीर करून म्हटलं, "काकू, तुमचा कुकर…"

"हो ना," त्या म्हणाल्या, "त्याचीच शिट्टी मला सहन होत नाही. म्हणून तो लावते आणि मागच्या गॅलरीत जाऊन बसते. किती झाल्या ते कळतच नाही मग."

हल्ली साडेदहाच्या सुमाराला मी खिडकीतून खाली "काकू, तीन!" असं ओरडतो, आणि खालून गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज येतो.

समोरचं काम मागच्या महिन्यात संपलं. मिस्त्री निरोप घ्यायला वर आला, पाणी प्यायला. म्हणाला, पुढचं काम इथंच धरलंय, तुमच्याच विंगला, तुमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाथरूम फोडायचंय. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पण मिस्त्री, तिथून माझा हात कसा दिसणार?"

"मिस कॉल द्या," तो म्हणाला.

मी त्याचा नंबर घेतला आणि 'बटण' नावाने साठवला. बायको बाजूलाच उभी होती. तिने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "माझा कशाने साठवलायस, दाखव."